कोविडचे बळी किती? नोंदवहीतून काय कळते

प्रश्न : सरकारी आकडेवारीनुसार २०२१ अखेरपर्यंत भारतात कोविडने सुमारे ४ लाख ८१ हजार माणसे गेली. जागतिक आरोग्य संघटनेचा त्याच दोन वर्षांचा अंदाज मात्र ४७ लाखांचा आहे. एवढी तफावत कशी? आमच्या गावापुरता हिशोब आम्हाला करता येईल का?

उत्तर : सरकारी आकड्यात मृत्यू धरला जायचा तर आधी बाधित असल्याचा अहवाल हवा. एप्रिल-मे २०२१ मध्ये कित्येक रुग्ण अहवाल येण्याआधीच गेले. खेड्यांत तर अनेकांची चाचणीच झाली नाही. शिवाय देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचव्या हिश्शाचेच कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले असते.

संघटनेने कारण बाजूला ठेवून फक्त अतिरिक्त मृत्यू मोजले, म्हणजे साथ नसती तर जितके अपेक्षित होते त्याहून किती जास्त झाले. खाट न मिळालेला हृदयरोगीही त्यात येतो. या पद्धतीला भारत सरकारने हरकत घेतली. ४७ लाख हा शेवटी अंदाजच आहे. पण नागरी नोंदणीचे स्वतःचे आकडे पाहा : २०१९ मध्ये ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख मृत्यू. एका वर्षात २१ लाखांची वाढ, आणि त्या वर्षीचे अधिकृत कोविडमृत्यू सव्वातीन लाखांच्या आसपास! नोंदणी दरवर्षी थोडी सुधारते हे खरे, पण एवढी उडी तेवढ्याने घेतली जात नाही. अधिकृत आकडा फार कमी आहे, हे आमचे स्पष्ट मत.

गावासाठी जन्म-मृत्यू निबंधकाकडे २०१५ ते २०२१ ची महिनावार मृत्युसंख्या माहिती अधिकारात मागा. २०१५ ते २०१९ ची प्रत्येक महिन्याची सरासरी काढा आणि ती २०२०-२१ च्या त्याच महिन्यातून वजा करा. आकडे मृत्यूच्या तारखेनुसार हवेत, नोंदणीच्या नव्हे. नोंदणीची मुदत २१ दिवसांची, आणि टाळेबंदीत ती पुष्कळदा उलटली. नोंदणीची तारीख धरली तर एप्रिलचे मृत्यू जूनमध्ये दिसतील.

दुसरी अडचण मोठी. मृत्यूची नोंद जिथे तो झाला तिथे होते. तालुक्याच्या रुग्णालयात गेलेला माणूस गावच्या वहीत सापडत नाही, म्हणून तालुक्याच्या ठिकाणच्या नोंदीही मयताच्या कायमच्या पत्त्यासह मागा. नावे लागत नाहीत. आणि २,००० वस्तीच्या गावात वर्षाला साधारण १२-१३ मृत्यू होतात; तिथे चार-पाचांचा फरक योगायोगानेही पडतो. म्हणून निदान सगळा तालुका एकत्र घ्या.