महासाथीत बंदरं चालूच असतात, मग तिथल्या कामगारांना नेमका काय फरक पडतो?

काम बंद पडत नाही, पण ते जास्त धोक्याचं आणि बेभरवशाचं होतं. कोविडमध्ये बहुतेक देशांनी बंदरं अत्यावश्यक सेवेत धरली, आणि जहाज काही घरून रिकामं करता येत नाही! क्रेनवाला केबिनमध्ये एकटा असतो, त्याचं निभावतं. खरी पंचाईत लॅशिंगवाल्यांची, म्हणजे जहाजावर कंटेनर घट्ट बांधणाऱ्यांची: कंटेनरच्या अरुंद फटीत जोडीदाराला खेटून जड लोखंडी रॉड लावायचे, मास्क घामाने भिजलेला. त्यात पाळी बदलताना वॉकीटॉकी, गाडी, कपडे बदलायची खोली, सगळं सामायिक. एकाला लागण झाली तरी काय होतं ते चीनमधल्या निंगबो बंदरात दिसलं: ऑगस्ट 2021 मध्ये एका कामगाराची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि तिथलं मेइशान टर्मिनल सुमारे दोन आठवडे बंद राहिलं. अशा वेळी जहाजं अडकल्याने इतर बंदरांत आधी शुकशुकाट, मग एकदम जहाजांची रांग; म्हणजे आधी हजेरी बुडते, नंतर ओव्हरटाइमचा मारा.

अर्थात हे सगळ्यांना सारखं लागू नाही. कायम नोकरीत, भक्कम युनियन असलेल्याला विलगीकरणातही पगार मिळण्याची शक्यता बरीच. कंत्राटी माणूस मात्र ताप अंगावर काढून कामावर येतो.