सायबर सुरक्षेच्या कामात साधेपणा आणि सोपेपणा म्हणजे नेमकं काय?

हे दोन शब्द आपण एका दमात म्हणतो, पण साधेपणा यंत्रणेचा असतो आणि सोपेपणा ती वापरणाऱ्याचा. साल्ट्झर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ च्या निबंधात ही दोन स्वतंत्र तत्त्वं म्हणून मांडली: रचना तपासता येईल इतकी छोटी ठेवा, आणि वापर इतका सहज की माणूस आपसूक योग्य तेच करेल.

ऐरोलीच्या एका ऑफिसात मी फायरवॉलचे, म्हणजे नेटवर्कमध्ये काय येऊ-जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या राखणदाराचे, नियम तपासायला बसलो होतो. अर्धेअधिक 'तात्पुरते'! टाकणारे केव्हाच नोकरी सोडून गेलेले. काढायला कोणी धजेना, काय बंद पडेल कुणास ठाऊक. घरच्या माळ्यासारखंच. साधेपणा म्हणजे हा माळा आवरणं. एकेक नियम कोणासाठी आहे ते विचारत बसायचं, वाली सापडला नाही तर आधी बंद करून बघायचं, मग काढायचं. कंटाळवाणं काम, कौतुकही कोणी करत नाही.

सोपेपणाचा विसरही तिथेच दिसला: दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती होती. परिणाम? कीबोर्डखाली चिठ्ठ्या, आणि बदलला तो फक्त शेवटचा आकडा. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगितलंय की उगाच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका; फुटल्याचा पुरावा असेल तर मात्र लावाच.

आता, सगळ्यांना ॲडमिनचे हक्क, म्हणजे कॉम्प्युटरवर काहीही बदलायची मुभा, वाटले की तक्रारी थांबतात खऱ्या. पण ती सोय आम्हा आयटीवाल्यांची. भलत्या अटॅचमेंटवर क्लिक झालं की तेच हक्क व्हायरसला मिळतात.