बंद बॉडीच्या पिकअपमध्ये रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० मोटरसायकल चढवायची आहे, रॅम्प कसा निवडावा?

आधी टेप घेऊन जमिनीपासून हौद्यापर्यंतची उंची मोजा. पिकअप रिकामी असताना मोजा, कारण तेव्हाच हौदा सगळ्यात वर असतो. रॅम्प त्या उंचीच्या किमान तिप्पट लांब हवा. हौदा ८० सेंमीवर असेल तर ८ फुटी रॅम्पवर चढ २० अंशांच्या आत राहतो. ६ फुटी घेतलात तर तो २६ अंशांवर जातो आणि मग दोन माणसं लावूनही दम निघतो. शिवाय टोकाशी इंजिनखालचा भाग घासतो. कमानदार रॅम्पमध्ये हा त्रास कमी.

क्लासिक ३५० साधारण १९५ किलोची, वर ढकलणारा माणूस. ३५० किलो क्षमतेच्या खालचं काही बघूच नका. दुकानदार रॅम्पच्या दोन पट्ट्यांच्या जोडीची क्षमता सांगतोय की एका पट्टीची, हे विचारून घ्या.

बंद बॉडीत बसून गाडी चढवता येत नाही, डोकं चौकटीला आपटतं. म्हणजे शेजारून चालत, पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लचवर न्यायची. त्यासाठी तुमच्या पायांना वेगळी दुसरी पट्टी हवीच, आणि लोक नेमकी हीच विसरतात. पृष्ठभाग जाळीदार घ्या. पावसात गुळगुळीत पत्रा म्हणजे साबण.

रॅम्प पिकअपच्या हुकाला पट्ट्याने आवळा. नुसता टेकवलेला रॅम्प मागचं चाक जोर लावताच मागे सरकतो. बाजारातला रॅम्प आखूड पडत असेल, तर पिकअप एखाद्या उंचवट्याला पाठ करून लावा. वितभर उंची फुकटात कमी होते.