बिनविरोध यादीत नाव देण्यापूर्वी

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

आपल्या अभियंता संघटनेच्या कार्यकारिणीसाठी ज्येष्ठांनी यादी जुळवली आहे, तुझं नाव त्यात आहे आणि 'सगळं बिनविरोध करू' असा निरोप आलाय. हो म्हणू का, असं तू विचारलंस. कार्यकारिणीत जरूर जा, पण या यादीतून जाऊ नकोस. स्वतःचा अर्ज भर, मतं माग. पडलीस तरी चालेल.

आपल्या सांगलीकडे बिनविरोधचं फार कौतुक. ग्रामपंचायत असो की विकास सोसायटी, खर्च वाचला, तंटा टळला म्हणून गुलाल उधळतात. गावात ते मला पटतं, कारण दुसऱ्या दिवशी त्याच बांधावर एकमेकांचं तोंड बघायचं असतं. अभियंत्यांच्या संस्थेत हे कारण लागू नाही. कामासाठी पहिल्या फेरीत एकच निविदा आली की ती उघडताना तुझा हात थांबतो. दर वाजवी आहे का, हे ताडायला दुसरा आकडाच नसतो. उमेदवारांचं निराळं काय आहे?

कार्यकारिणी म्हणजे इंजिनिअर्स डेचे हारतुरे आणि एखादी सहल, असं तुझ्या वयाच्या पुष्कळांना वाटतं. पण २०१९ चा ऑगस्ट आठव. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट; पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशा पुरानंतर पूररेषेचा वाद पेटतो. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. त्या दोहोंच्या मधल्या जमिनीवर काय बांधू द्यायचं, यावर प्रशासन किंवा वर्तमानपत्रं अभियंत्यांचं मत मागतात, तेव्हा ते मत संस्थेच्या नावाने कार्यकारिणीच देते. तिच्यात डिझायनर असतात, ठेकेदार असतात, बिल्डरांचे सल्लागारही असतात. त्यांनी असण्यात काही गैर नाही. मात्र 'तुमच्याच प्रकल्पाचा विषय निघाला तर तुम्ही मतदानातून बाहेर राहाल का?' हे उमेदवाराला सर्वांसमक्ष विचारायची एकच वेळ असते, मतं मागायला तो दारात येतो ती. बिनविरोध झालं की ती वेळच येत नाही. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

'अजून लहान आहेस, पुढच्या खेपेला बघू' असंही कुणी म्हणेल. १८१८ साली लंडनच्या एका कॉफीगृहात मूठभर तरुण अभियंते जमले आणि त्यांनी इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स उभी केली. रस्ते-पुलांसाठी नावाजलेल्या थॉमस टेलफर्डसारखा मोठा माणूस अध्यक्ष म्हणून आला तो १८२० मध्ये. तरुण आधी, ज्येष्ठ मागून. आजच्या आयईईई या विद्युत-इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या जागतिक संस्थेतही संचालक मंडळ अध्यक्षपदाचे उमेदवार सुचवतं, पण पुरेशा सभासदांच्या सह्या मिळवून बाहेरचा माणूसही मतपत्रिकेवर येऊ शकतो. तिथे निवडून आलेली व्यक्ती एक वर्ष नियोजित अध्यक्ष, एक वर्ष अध्यक्ष आणि एक वर्ष माजी अध्यक्ष म्हणून काम करते. त्यामुळे कारभार हातोहात सोपवला जातो. आपल्याकडे जुना सचिव दप्तर घरी घेऊन बसतो आणि नवा ते मागायला संकोचतो.

आता कामाचं. आधी संस्थेची घटना मिळव आणि वाच. मतदानाचा हक्क कोणत्या वर्गाच्या सभासदाला, थकबाकीदाराचं काय, अर्ज छाननीत कशावरून बाद होतो, निवडणुकीविना घेतले जाणारे स्वीकृत सदस्य किती घेता येतात, हे सगळं त्यात असतं. मतदार यादीचा कच्चा मसुदा लागताच पाहा. कुपवाड एमआयडीसीतल्या तरुण पोरांची नावं वर्गणी राहिली म्हणून गळतात, आणि हरकतीची मुदत उलटली की कुणाचाच इलाज चालत नाही. संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली आहे, म्हणून निवडणुकीनंतर कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याचा अहवाल, द्यावा लागतो. मागच्या कार्यकारिणीचा मंजूर झालाय का, हे आत्ताच विचार. तो रखडला असेल तर नव्यांचाही अडकतो, बँकेत सह्या बदलताना अडचणी येतात.

मत देताना खजिनदाराकडे अध्यक्षापेक्षा जास्त बारकाईने बघ. भाषण येत नसलं तरी चालेल. व्हाउचर नसेल तर अध्यक्षालाही पैसे नाकारणारा माणूस हवा.

यादी जुळवणाऱ्यांशी तोडून बोलू नकोस. ती माणसं वाईट नाहीत. त्यातल्या कित्येकांनी पदरमोड करून संस्था चालवली आहे. त्यांना जाऊन भेट, अर्ज भरतेय हे स्वतःच्या तोंडाने सांग, त्यांना ते बाहेरून कळू देऊ नकोस.

सूचक म्हणून माझी सही हवी तर कधीही विश्रामबागेत घरी ये. अनुमोदक मात्र मी ओळखत नाही असा, शॉपफ्लोअरवरचा कुणीतरी आण.

तुझा,
काका