चर्चच्या जमिनी ‘जप्त’ झाल्या की ‘खालसा’?

प्रश्न थोडक्यात असा: फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या लेखाचा अनुवाद करताना ‘क्रांतिकारकांनी चर्चच्या जमिनी जप्त केल्या, त्यांचा सर्व्हे केला आणि विकल्या’ असं वाक्य लिहिलं गेलं. संपादकांनी ‘जप्त’ खोडून ‘खालसा’ सुचवलं. यातलं बरोबर काय, आणि ‘सर्व्हे’ला मोजणी म्हणावं का?

या वाक्यात मी दोन्ही शब्द वापरणार नाही.

जप्तीमागे कुणाचा तरी दोष गृहीत असतो. कर्ज थकतं, सारा थकतो, गुन्हा शाबीत होतो, मग जप्ती येते. शिवाय जप्ती उठूही शकते; रक्कम भरली की माल सुटतो. १७८९ च्या फ्रान्समध्ये चर्चवर कसलाही आरोप ठेवलेला नव्हता. कर्जात बुडालं होतं ते सरकार. ‘जप्त’ लिहिलं की वाचकाला वाटतं चर्चला शिक्षा झाली.

‘खालसा’ जास्त मुरलेला शब्द आहे, आणि म्हणूनच जास्त जपून वापरायला हवा. मुळात अरबीतला अर्थ निर्भेळ, शुद्ध. ज्या जमिनीच्या उत्पन्नात मध्ये इनामदार नाही, जहागीरदार नाही, सारा थेट सरकारात येतो, ती खालसा जमीन. तेव्हा इनाम खालसा करणं म्हणजे सरकारनं एकदा दिलेलं परत आपल्याकडे घेणं. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा झालं तेव्हा कंपनी सरकारचा युक्तिवाद नेमका हाच होता: आम्हीच दिलं होतं, वारस उरला नाही, परत घेतो. चर्चच्या जमिनी अशा एका हातानं दिलेल्या नव्हत्या. काही राजांनी दिल्या, पण कितीतरी साध्या भाविकांनी मृत्युपत्रांतून, आपल्या आत्म्यासाठी प्रार्थना व्हावी म्हणून दिल्या होत्या.

आता खरा मुद्दा. हाच वाद फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत, म्हणजे क्रांतीत उभ्या राहिलेल्या प्रतिनिधिसभेत, झाला. ओतँचा बिशप तालेराँ यानं १० ऑक्टोबर १७८९ ला प्रस्ताव मांडला. धर्मगुरू हे इतर मालकांसारखे मालक नाहीत, जमीन त्यांना सेवेसाठी मिळाली आहे. सेवेची सोय राष्ट्रानं केली तर जमीन राष्ट्राला घेता येईल, असं त्याचं म्हणणं. देवस्थान इनाम ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हा युक्तिवाद समजावून सांगावा लागत नाही. पण विरोधकांना तो मान्य नव्हता. त्यांच्या लेखी ही सरळ लूट होती. म्हणजे ‘खालसा’ लिहिलं की आपण तालेराँच्या बाजूला बसतो आणि ‘जप्त’ लिहिलं की त्याच्या विरोधकांच्या.

२ नोव्हेंबरला जो ठराव मंजूर झाला, त्याची शब्दयोजना सभेतला वजनदार वक्ता मिराबो याची. त्यानं ‘मालमत्ता राष्ट्राची आहे’ असं म्हणायचं टाळलं. चर्चची सगळी मालमत्ता ‘राष्ट्राच्या स्वाधीन’ राहील, आणि त्याबदल्यात उपासनेचा खर्च, धर्मगुरूंचा निर्वाह आणि गोरगरिबांची मदत राष्ट्र पाहील, असं तो ठराव म्हणतो. धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) गुरूला वर्षाला किमान १२०० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन), शिवाय घर आणि बाग, हेही त्यातच आहे. मराठीत ताबा आणि मालकी या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ‘स्वाधीन’ मालकीबद्दल गप्प राहतो. इथे तोच शब्द हवा. पुढेमागे सर्वसाधारण उल्लेख करायचा असेल तर ‘सरकारजमा’ चालेल.

‘जप्त’ मात्र फेकून देऊ नका, त्याच लेखात तो लागेल. १७९२ पासून देश सोडून गेलेल्या सरदार-उमरावांच्या जमिनीही सरकारनं घेतल्या, आणि ती खरोखर शिक्षा होती. ‘परागंदा उमरावांच्या जमिनी जप्त झाल्या’ हे अगदी नेमकं मराठी आहे. फ्रेंच लोक या दोन साठ्यांना ‘पहिल्या मुळाची’ आणि ‘दुसऱ्या मुळाची’ राष्ट्रीय मालमत्ता म्हणत. मराठीत स्वाधीन आणि जप्त एवढ्यानंच तो फरक उमटतो.

‘सर्व्हे’बद्दल. मोजणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साखळी येते, ३३ फुटांची, आणि गुंठे. १८३६ मध्ये इंदापुरापासून गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी केली ती मोजणी. फ्रान्समध्ये १७९० साली चर्चच्या जमिनी विकायला काढल्या तेव्हा प्रत्येक शेत नव्यानं मोजत बसायला सवड नव्हती. नेमलेले तज्ज्ञ जागेवर जात, खंडाचे करार बघत, वर्षाचं निव्वळ उत्पन्न ठरवत आणि शेतजमिनीला त्याच्या २२ पट किंमत लावत. याला आपल्याकडे पाहणी म्हणतात. ‘पीकपाहणी’ अजून सातबाऱ्यावर जिवंत आहे. इंग्रजी सर्व्हे या शब्दाचाही मूळ अर्थ वरून नजर फिरवणं हाच. म्हणून ‘पाहणी करून किंमत ठरवली’ असं लिहा. ‘आकारणी’ टाळा, आकारणी साऱ्याची असते, विक्रीच्या किमतीची नाही.

इंग्लंडची गोष्ट लिहायची वेळ आली तर एक शब्द मला फार मोलाचा वाटतो. १५३६ च्या कायद्यानं वर्षाला २०० पौंडांखाली उत्पन्न असलेले मठ राजा आठव्या हेन्रीकडे गेले. मोठ्या मठांकडून मात्र पुढच्या तीन-चार वर्षांत कागद लिहून घेतले, की आम्ही आपखुशीनं मठ आणि जमिनी राजाला सोडतो. ‘शरणपत्र’ हे भाषांतर मी पाहिलं आहे. ते लढाईतलं वाटतं. मुंबई इलाख्याच्या महसुलात जमीन सोडणारा राजीनामा देई आणि घेणारा कबुलायत देई. मठाधिपतींनी ‘राजीनामा लिहून दिला’ असं म्हटलं की कागदावरची खुशी आणि तिच्यामागचा दाब दोन्ही एका शब्दात येतात. या जमिनींचा कारभार बघायला १५३६ मध्येच जे ‘कोर्ट ऑफ ऑगमेंटेशन्स’ निघालं, त्यालाही नुसतं न्यायालय म्हणू नये. ते खटले चालवत असे, पण त्याचे हिशेबनीस आणि वसुली अधिकारी भागाभागांत फिरून खंड गोळा करत, याद्या करत, आणि साधारण वीस वर्षांच्या उत्पन्नाइतक्या किमतीला जमिनी विकत. ‘महसूलवाढीची कचेरी’ हे जवळचं आहे.

विक्रीला ‘लिलाव’च म्हणा. फ्रान्समध्ये बोली मेणबत्त्यांवर चाले. शेवटची विझेपर्यंत कुणी वाढवलं नाही की सौदा पक्का. आपल्या ‘एक वार, दोन वार, तीन वार’चं काम तिथे ज्योत करी. शेतजमीन घेणाऱ्यानं सुरुवातीला १२ टक्के भरायचे आणि बाकी बारा वर्षांत, ५ टक्के व्याजानं. या १२ टक्क्यांना इसार म्हणू नका. इसार सौदा ठरल्याची खूण असतो, हा किमतीचा पहिला भरणा होता.

लिलाव शब्द आपल्याकडे पोर्तुगीज ‘लैलाँव’वरून आला. त्या पोर्तुगालनंही १८३४ मध्ये पुरुषांचे सगळे धार्मिक संघ बरखास्त करून त्यांची मालमत्ता राष्ट्रीय खजिन्यात घेतली. हुकूम १८३५ मध्ये गोव्यात लागू झाला. जुन्या गोव्यातला ऑगस्टिनियन संघाच्या साधूंचा मठ ओस पडला आणि १८४२ मध्ये त्याच्या चर्चचं छत कोसळलं. सांता मोनिका मठातल्या जोगिणींना (नन्सना) मात्र राहू दिलं, फक्त नव्या घ्यायच्या नाहीत. शेवटची १८८५ मध्ये गेली. गोव्याबद्दल लिहिताना आधीचा व्यवहारही विसरू नये. तिसवाडीतल्या पाडलेल्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न १५४१ मध्ये चर्चच्या कामाकडे वळवलं गेलं. त्याला जप्तही नाही, खालसाही नाही: ते उत्पन्न ‘वर्ग केलं’.

एक सूचना प्रश्नात नसलेली. या विक्रीच्या मजकुरात ‘डिस्ट्रिक्ट’ पुन्हा पुन्हा येईल आणि हात आपोआप ‘जिल्हा’ लिहील. १७९० च्या फ्रान्समध्ये ८३ देपार्तमाँ (कारभाराचे मोठे विभाग) होते आणि डिस्ट्रिक्ट हा त्यांचा पोटभाग. लिलाव डिस्ट्रिक्टच्या मुख्य गावी होत. म्हणून देपार्तमाँला जिल्हा आणि डिस्ट्रिक्टला तालुका म्हणा, नाहीतर शेतकऱ्याला बोली लावायला होता त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब जावं लागेल.