परफ्यूम, रंग, क्लीनर यांच्या वासाने आजारी पडणाऱ्या माणसाने रोजचं जगणं कसं सांभाळावं?

तुम्ही लिहिलंय की परफ्यूम, ताजा रंग किंवा फरशीच्या क्लीनरचा वास आला की तुमच्या पत्नीचं डोकं जड होतं, घसा आवळतो, बोलताना शब्द सुचत नाहीत. रिपोर्ट नॉर्मल, आणि घरचे म्हणतात मनाचे खेळ. मी बरीच वर्षं हेच काढते आहे, म्हणून लिहिते.

त्यांचा त्रास खरा आहे, हे आधी तुम्ही स्वतः माना. याला मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी, म्हणजे अनेक रसायनांचा थोड्या मात्रेतही त्रास होणं, असं म्हणतात. 1950 च्या दशकात शिकागोचे अ‍ॅलर्जीतज्ज्ञ थेरॉन रँडॉल्फ यांनी हा विषय मांडला, 1987 मध्ये डॉक्टर मार्क कलन यांनी त्याची व्याख्या केली. कारणाबद्दल डॉक्टरांचं अजूनही एकमत नाही आणि रक्तात किंवा स्कॅनमध्ये हा आजार दिसत नाही. कोणतं काय आहे हे न सांगता कधी रसायन, कधी नुसती हवा हुंगायला दिली, तर अनेक प्रयोगांत रुग्णांना दोन्ही वेळा त्रास झाला. हे ऐकून आपल्यातले पुष्कळ जण दुखावतात. मला विचाराल तर दुखावण्याचं कारण नाही. मेंदूने धोक्याचा इशारा दिला तरी मळमळ मळमळच असते. पण दमा आणि मायग्रेन नीट तपासून घ्या. दोन्ही वासाने उसळतात आणि दोन्हींवर औषध आहे.

घरात सुरुवात झोपायच्या खोलीपासून करा. कपड्यांचं सॉफ्टनर बंद केलंत तरी वास लगेच जात नाही. वॉशिंग मशीनच्या साबणाच्या खणात आणि दाराच्या रबराच्या घडीत त्याचा चिकट थर बसलेला असतो. तो पुसून काढा, मग मशीन रिकामं, गरम पाण्यावर चालवा. साबण घेताना हुंगून ठरवू नका, कारण मूळ घटकांचा वास दाबायलाही सुगंधी द्रव्यं घालतात. घटकांच्या यादीत ‘फ्रेग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम’ दिसलं की ठेवून द्या. प्लायवुडचं किंवा पार्टिकल बोर्डचं नवं कपाट झोपायच्या खोलीत नकोच; त्यातल्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड हा उग्र वासाचा वायू महिनोन्‌महिने सुटत राहतो, उकाड्यात आणि दमट हवेत जास्तच.

एअर प्युरिफायरवर लोक फार पैसे घालवतात. हेपा फिल्टर धूळ धरतो, वायू धरत नाही. त्यासाठी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे वायू धरून ठेवणारा खास कोळसा लागतो, तोही भरपूर. एन95 मास्कही धूळच धरतो, वायू नाही. ओझोन सोडणारं यंत्र तर घरात आणूच नका! लिंबूवर्गीय वासाच्या क्लीनरमधलं लिमोनीन ओझोनला भेटलं की त्यातूनच फॉर्मल्डिहाइड तयार होतं. डिटॉक्सच्या महागड्या कोर्सपासूनही लांब राहा.

या आजारात खरी भीती मला वाटते ती वेगळीच. आज लिफ्ट टाळली, उद्या ऑफिस, परवा मैत्रीण, असं करत माणूस एका खोलीत येऊन बसतो. तिथून बाहेर पडणं फार अवघड जातं. म्हणून त्यांना काय काय टाळता येईल याची यादी वाढवत बसू नका. लोकांना उघड्यावर भेटा, खिडकीजवळची जागा मागा, त्रास व्हायला लागला की उठून बाहेर जायचं हे आधीच ठरवून ठेवा. भीतीच फार वाढली असेल तर समुपदेशकाची मदत घ्या. त्याने आजार खोटा ठरत नाही.

आणि नातेवाइकांशी तुम्ही बोला, पत्नीला बोलायला लावू नका. ‘हिला वास चालत नाही’ एवढ्याने कुणाला काही कळत नाही. ‘येताना परफ्यूम आणि हेअर स्प्रे लावू नका’ असं आदल्या दिवशी फोनवर सांगितलं की बहुतेक लोक ऐकतात.