ऑप्शनचा क्लास लावू की नको?

प्रश्न : आम्ही कळव्याला राहतो. मुलगा ठाण्यात टीवायबीकॉमला आहे. दिवसभर मोबाइलवर निफ्टीचे चार्ट बघतो. शेअर बाजारातच करिअर करायचं म्हणतो आणि ऑप्शन ट्रेडिंगच्या क्लाससाठी १ लाख २० हजार मागतो. एफडी मोडून द्यावेत का? ह्यांच्या मते हा सगळा जुगार आहे.

उत्तर : ताई, एफडी मोडू नका. पण ‘मार्केटचा नाद सोड’ असंही त्याला सांगू नका.

आधी क्लासचं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये (एफ अँड ओ, म्हणजे शेअर किंवा निर्देशांकाच्या पुढच्या भावावरचे सौदे) उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. हे त्याला वाचू द्या. इतकी फी घेऊन नफ्याची स्वप्नं विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण पैसा जातो तो तुमच्यासारख्या घरांतून.

‘सगळा जुगार’ हे त्याच्या बाबांचं म्हणणंही तपासायला हवं. मार्च २०२० मध्ये देशात शेअर ठेवायची सुमारे ४ कोटी डीमॅट खाती होती, मार्च २०२४ मध्ये १५ कोटींच्या वर. घराघरांतली बचत एसआयपीतून बाजाराकडे वळते आहे. हा पैसा वर्षानुवर्षं सांभाळायला माणसं लागतात : रिसर्च, रिस्क, कम्प्लायन्स (नियम पाळले जातात का ते बघणं), फंड अकाउंटिंग. बीकॉमच्या मुलाला सुरुवात बहुधा ऑपरेशन्समध्ये, म्हणजे व्यवहारांच्या नोंदी-पडताळणीच्या कामात मिळते. त्यातलं बरंच काम ऐरोली-घणसोलीच्या आयटी पार्कांतून चालतं. ते कमी प्रतीचं समजू नका.

इथे चार्टपेक्षा कारणं कळावी लागतात. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो रेपो दर मे २०२० मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५ झाला आणि २०२५ मध्ये पुन्हा उतरू लागला. महागाई वाढली की रिझर्व्ह बँक दर का वाढवते? दर वाढले की जुन्या रोख्यांचे भाव का पडतात, कर्जबाजारी कंपनीचा नफा का आटतो? दहा वर्षांसाठी पैसे गुंतवणारा या प्रश्नांपाशी थांबतो.

म्हणून त्याला एक काम द्या. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कोणत्याही दोन कंपन्यांचे वार्षिक अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. नफ्याच्या आकड्याशेजारी कॅश फ्लोचं, म्हणजे रोकड किती आली-गेली याचं पान ठेवायचं. नफा दरवर्षी वाढतोय, पण धंद्यातून रोकड येत नाही, असं दिसलं तर येणी किती फुगलीत ते ताळेबंदात शोधायचं. मग माल विकला गेला, पण पैसे वसूल होत नाहीत की काय, असा प्रश्न त्याला स्वतःला पडायला हवा. जे सापडेल ते एका पानावर मराठीत लिहून तुम्हाला समजावून सांगू दे. तुम्हाला कळलं, तर त्याला कळलंय.

यात रमला, तर एनआयएसएमची रिसर्च अ‍ॅनालिस्टची परीक्षा द्यावी. ही सेबीने उभी केलेली संस्था. वाशीला कार्यालय, पाताळगंगेला कॅम्पस. फी त्या क्लासपुढे नगण्य आहे, उत्तीर्ण व्हायला ६० टक्के लागतात. सीएफए या गुंतवणूक विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेचा विचार पदवीचा निकाल हातात आल्यावर, कारण ती परीक्षा खर्चिक आहे.

डीमॅट खातं असेल तर असू दे, फक्त ब्रोकरच्या अ‍ॅपमधून एफ अँड ओ सेगमेंट बंद करायला सांगा. आणि दुसऱ्या अहवालापर्यंत त्याला कंटाळा आला, तर तसंही मोकळेपणाने कळवा. बीकॉमनंतरच्या इतर वाटांबद्दल मग बोलू.